चारा सुधारला तर जनावरांचा मिथेन खरंच कमी होतो का?

प्रश्न असा आहे: विकसनशील देशांत जनावरांचं खाणं सुधारून मिथेन, म्हणजे वातावरण तापवणारा एक वायू, कमी करता येतो असं सांगतात. पण चांगलं खायला मिळालेलं जनावर जास्त खाणार, मग मिथेनही जास्तच सोडणार ना? आणि ज्यांच्याकडे काडाशिवाय दुसरी वैरणच नाही, त्यांनी नेमकं करायचं काय?

दोन्ही शंका रास्त आहेत. मी पशुपोषणात काम करतो. सरकारी बैठकांपासून गोठ्यापर्यंत हेच दोन प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मिथेन कमी होतो, पण तो दर लिटर दुधामागे किंवा दर किलो वजनवाढीमागे. दर जनावरामागे मोजलात तर बऱ्याचदा तो होता तेवढाच, कधी थोडा वाढलेलाही दिसेल. सगळा विषय या दोन मोजमापांतल्या फरकावर उभा आहे.

आधी हा वायू तयार का होतो ते पाहू. गाय-म्हैस जे खाते ते पहिल्यांदा कोटीपोटात, म्हणजे तिच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यात, आंबतं. तिथले जिवाणू, प्रोटोझोआ आणि बुरशी तंतू फोडतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं तयार होतात. जनावराची मुख्य ऊर्जा तीच. ॲसिटिक आम्ल होताना हायड्रोजन सुटतो, प्रोपिऑनिक होताना तो वापरला जातो. उरलेला हायड्रोजन तसाच साचला तर आंबण्याची क्रियाच मंदावते. मिथेनोजेन नावाचे सूक्ष्मजीव तो कार्बन डायऑक्साइडशी जोडून त्याचा मिथेन करतात आणि जनावर तो मुख्यतः ढेकरेतून बाहेर टाकतं. म्हणजे मिथेन हा कोटीपोटाचा दोष नाही, माणसाला न पचणारं गवत पचवण्याच्या कामातच त्याचा जन्म आहे. जून, राठ वैरणीवर ॲसिटिकचं प्रमाण वाढतं आणि त्याबरोबर हायड्रोजनही. दाणा-भरडा जास्त असेल तर प्रोपिऑनिक वाढतं. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची आंतरसरकारी समिती, हिच्या हिशेबात चाऱ्यावरच्या जनावराची खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी साधारण 6.5 टक्के ऊर्जा मिथेनमध्ये जाते, तर जवळजवळ निव्वळ धान्यावर पोसलेल्या मांसाच्या जनावरात हा आकडा 3 टक्क्यांच्या आसपास येतो.

मग सगळ्यांना धान्यच घालावं का? नाही. गरीब देशात माणसाच्या ताटातलं धान्य गव्हाणीत टाकणं हा उपाय होऊ शकत नाही. ते पिकवायला जमीन, खत, पाणी लागतं आणि त्या प्रत्येकाचं स्वतःचं उत्सर्जन असतं. शिवाय चाऱ्याची सवय असलेल्या जनावराला अचानक भरडा वाढवला की कोटीपोट आंबट होतं, रवंथ थांबतो, शेण पातळ होतं. मिथेन वाचवायला जाऊन जनावर आजारी पाडण्यात कसलंच शहाणपण नाही.

आता हिशेबाकडे येतो. आयपीसीसीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत दुभत्या गाईमागे वर्षाचा सरासरी मिथेन गृहीत धरला आहे. उत्तर अमेरिकेत तो 128 किलो आहे, भारतीय उपखंडात 58 आणि आफ्रिकेत 46. नुसता हा आकडा पाहिला तर आफ्रिकेतली गाय सगळ्यात स्वच्छ वाटेल. पण त्याच तक्त्यात वर्षाचं दूध अनुक्रमे 8,400, 900 आणि 475 किलो धरलेलं आहे. भागाकार करून पाहा. एका किलो दुधामागे उत्तर अमेरिकेत साधारण 15 ग्रॅम मिथेन पडतो, भारतीय उपखंडात 64 आणि आफ्रिकेत 97. ही ढोबळ सरासरी आहे. आपली जनावरं नांगर ओढतात, शेण देतात, अडीनडीला विकता येणारी पुंजी म्हणून दारात उभी असतात, आणि यातलं काहीच या भागाकारात येत नाही. त्यामुळे या आकड्यांवरून कुणा पशुपालकाला दोषी ठरवू नये. पण सुधारणेला सर्वात जास्त वाव कुठे आहे, ते मात्र त्यातून स्वच्छ दिसतं.

कारण सोपं आहे. जनावर खातं त्यातला पहिला वाटा नुसतं जिवंत राहण्यात जातो. श्वास, रक्ताभिसरण, शरीराचं तापमान, चालणं-फिरणं, याला देहधारणा म्हणतात. दूध त्यानंतरच्या उरलेल्या अन्नावर येतं, मिथेन मात्र पहिल्या घासापासून निघतो. समजा एक गाय दिवसाला 10 किलो शुष्क पदार्थ (पाण्याचा अंश सोडून उरणारी वैरण) खाते आणि 4 लिटर दूध देते. एका किलो शुष्क पदार्थामागे 20 ग्रॅम धरले तर दिवसाचा मिथेन 200 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे 50 ग्रॅम. वैरण सुधारली, ती 11 किलो खाऊ लागली, किलोमागचा मिथेन 19 ग्रॅमवर आला आणि दूध 6 लिटर झालं. दिवसाचा मिथेन आता 209 ग्रॅम, म्हणजे तुमची शंका खरी ठरली, तो वाढला. पण लिटरमागे तो 35 ग्रॅमवर आला. रोज 240 लिटर दूध गोळा करायचं असेल तर पहिल्या प्रकारच्या 60 गाई लागतात आणि त्या दिवसाला 12 किलो मिथेन सोडतात. दुसऱ्या प्रकारच्या 40 गाई पुरतात आणि त्यांचा मिथेन साडेआठ किलोच्या आत राहतो.

या 20 गाई खरोखर कमी झाल्या तरच वातावरणाचा फायदा होतो. त्या मुद्द्यावर पुढे येतोच.

त्याआधी उपाशी जनावराविषयी. पोषणाची ही बाजू हवामानाच्या चर्चेत फार कमी येते. नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेत बोरान जातीच्या जनावरांवर प्रयोग झाले. त्यात देहधारणेच्या गरजेपेक्षा बरंच कमी खायला दिल्यावर चाऱ्याच्या दर किलोमागचा मिथेन वाढलेला आढळला. अर्धपोटी जनावराच्या कोटीपोटात अन्न जास्त वेळ रेंगाळतं, आंबत राहतं आणि मिथेनोजेनना भरपूर सवड मिळते. त्यात कोरड्या हंगामाचं गणित मिळवा. पावसाळ्यात जनावर भरतं, उन्हाळ्यात हाडं दिसायला लागतात, पुढच्या पावसात तेच वजन पुन्हा चढतं. तेच तेच वजन दरवर्षी नव्याने चढवायचं आणि त्यासाठीचा मिथेनही दरवर्षी नव्याने सोडायचा. अशी कालवड उशिरा माजावर येते, चार वर्षांनंतर कधीतरी पहिल्यांदा विते आणि दोन वेतांतलं अंतर दीड-दोन वर्षांवर जातं. दुधाचा एक थेंब न देता काढलेल्या त्या वर्षांचा सगळा मिथेन शेवटी तिच्या थोड्याशा दुधावरच चढतो. म्हणून कुठल्याही भागात काम सुरू करताना मी आधी विचारतो, की तुमच्याकडे वैरण सगळ्यात कमी कुठल्या महिन्यांत असते? मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा), वाळवलेलं हिरवं गवत, साठवलेला कडबा हे सगळं त्या महिन्यांसाठी. त्यात कुठली आधुनिक जादू नाही, पण वर्षभर सारखं पोट भरणं हा मिथेनवरचा सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, काडाशिवाय काही नाही त्यांचा. भात, गहू, ज्वारी, मका यांच्या काडात तंतू भरपूर असतात, प्रथिनं मात्र साधारण 3 ते 5 टक्केच. कोटीपोटातल्या जिवाणूंना वाढायला नत्र लागतं. वैरणीत प्रथिनं 7 टक्क्यांच्या खाली गेली की ते उपाशी पडतात, तंतू फोडणं मंदावतं, पोट भरलेलं राहतं आणि जनावर पुढे खातच नाही. पुढ्यात ढीगभर काड असूनही ते उपाशी असतं. शंका असेल तर मूठभर ताजं शेण बारीक चाळणीत घेऊन पाण्याखाली धुऊन पाहा. लांब लांब, जेमतेम चावलेले धागे चाळणीत राहिले तर समजा, कोटीपोट नीट काम करत नाही. अख्खे दाणे दिसले तर महाग खुराक तसाच मागून बाहेर पडतो आहे. या तपासणीला एक पैसा लागत नाही आणि प्रयोगशाळेचा अहवाल येण्याआधी पुष्कळ काही कळतं.

म्हणून पहिलं काम, जिवाणूंना नत्र द्या. त्यासाठी द्विदल, म्हणजे शेंगवर्गीय, चारा मिळाला तर उत्तम, थोडी पेंड मिळाली तरी चालेल. दोन्ही नसेल तर युरिया, पण फक्त योग्य पद्धतीने. युरिया प्रक्रियेत 100 किलो कोरड्या काडाला 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडतात, तुडवून हवा काढतात आणि प्लास्टिकने घट्ट झाकून तीन आठवडे ठेवतात. युरियातून निघणारा अमोनिया काडाची घट्ट रचना सैल करतो आणि नत्रही देतो. उघडल्यावर काड गडद पिवळसर-तपकिरी आणि मऊ झालेलं असतं. डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास आला तर काम नीट झालं. रोज लागेल तेवढंच काढून थोडा वेळ पसरून ठेवायचं, वास उतरला की घालायचं, आणि सुरुवात थोड्यापासून करायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे कधीच द्यायचं नाही. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये. युरियाची विषबाधा तासाभरातही जीव घेते.

ही पद्धत चांगली असूनही बऱ्याच देशांत ती प्रकल्पाबरोबर आली आणि प्रकल्पाबरोबर गेली. पाणी वाहायचं कुणी, प्लास्टिक आणायचं कुठून, आणि ज्या जनावराला दूधच नाही त्याच्यासाठी एवढे कष्ट का, हे पशुपालकांचे प्रश्न खरे होते. तिथे युरिया आणि उसाची मळी घालून केलेली चाटण वीट जास्त टिकली. जनावर ती हळूहळू चाटतं, त्यामुळे नत्र दिवसभर थोडं थोडं जातं, आणि सोबत खनिजंही मिळतात. वीट नीट कडक मात्र हवी. मऊ वीट जनावर चावून खातं, आणि मग तोच युरिया विष होतो.

यानंतर येतो समतोल आहार, आणि इथे भारताचं उदाहरण मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेच्या पहिल्या टप्प्यात गावोगावच्या माणसांना प्रशिक्षण देऊन हा कार्यक्रम राबवला. गावातलीच एक व्यक्ती गोठ्यात येते, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर घेते, छातीचा घेर आणि अंगाची लांबी टेपने मोजून वजन काढते, दूध आणि फॅट लिहून घेते, आणि घरात उपलब्ध असलेल्या वैरणीवरूनच कमीत कमी खर्चाचा आहार संगणकावर बसवून देते. बाहेरून फार काही आणायला सांगत नाही. वजन घेतल्यावर बहुतेकदा कळतं की एका गाईला गरजेपेक्षा जास्त पेंड चालली आहे, शेजारच्या गाभण कालवडीला काहीच नाही, आणि खनिज मिश्रण दोघींनाही नाही. खर्च तोच किंवा कमी, फक्त वाटणी बदलते. या कार्यक्रमात दूध थोडं वाढलं, खाद्याचा खर्च घटला आणि लिटरमागचा मिथेन दहा टक्क्यांहून जास्त कमी झाल्याचं मोजमापांत आढळलं. पशुपालकाने हे हवामानासाठी केलं नाही, दोन पैसे वाचले म्हणून केलं. त्यामुळेच हे टिकाऊ आहे असं माझं मत आहे.

याच रांगेत एक साधी गोष्ट, जिच्याकडे आम्ही तज्ज्ञसुद्धा पुरेसं लक्ष देत नाही, ती म्हणजे पाणी. दुभत्या गाईला दिवसातून दोनदाच पाण्यावर नेलं तर ती वैरण कमी खाते. गव्हाणीशेजारी दिवसभर स्वच्छ पाणी असेल तर त्याच वैरणीवर दूध वाढतं. कुट्टी करून घातली तर नासाडी कमी होते आणि खाणं वाढतं. कुट्टीने काड जास्त पचायला लागतं असं मात्र नाही.

हिरव्या चाऱ्यात दोन गोष्टी मिथेनच्या दृष्टीने कामाच्या आहेत. एक, कापणीची वेळ. फुलोऱ्याच्या आसपास कापलेलं गवत आणि बी धरून वाळलेलं गवत यांच्या पचनीयतेत फार मोठं अंतर असतं, आणि हे अंतर विकत आणावं लागत नाही. नेपियर हे चाऱ्याचं उंच गवत डोक्याएवढं होऊ देण्याचा मोह सगळीकडे दिसतो, ढीग मोठा दिसतो म्हणून. त्या ढिगातला निम्मा दांडा जनावर दावणीत सोडतं. दुसरी गोष्ट द्विदल आणि झाडपाला. सुबाभूळ, डेस्मोडियम (एक द्विदल चारा) यांत प्रथिनं असतात आणि टॅनिन हे तुरट द्रव्यही. टॅनिन मर्यादेत असेल तर मिथेन थोडा दबतो, जास्त झालं तर जनावराचं खाणं आणि पचनही दबतं. सुबाभळीत मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. हवाई बेटांवरच्या शेळ्यांना सुबाभूळ बाधत नाही हे पाहून ऑस्ट्रेलियाचे संशोधक रेमंड जोन्स यांनी त्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियात नेऊन गुरांना दिले आणि तिथली बाधा आटोक्यात आली. त्या जिवाणूला पुढे त्यांच्याच नावावरून सिनर्जिस्टीस जोन्सी म्हणू लागले. असे जिवाणू आपल्या जनावरांत आहेत याची खात्री नसेल तर सुबाभूळ आहाराच्या एक तृतीयांशाच्या आतच ठेवा.

पूर्व आफ्रिकेतली 'पुश-पुल' शेती याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मक्यात डेस्मोडियम आणि कडेने नेपियर किंवा ब्रॅकिएरिया गवत लावतात. डेस्मोडियम खोडकिड्याच्या पतंगांना दूर ठेवतो आणि स्ट्रायगा तण दाबतो, कडेचं गवत पतंगांना आपल्याकडे ओढतं, आणि दोन्हींचा चारा होतो. केनियातल्या इसिपे या कीटक-संशोधन संस्थेने हे इंग्लंडच्या रॉथमस्टेड या शेती-संशोधन संस्थेबरोबर विकसित केलं. शेतकऱ्याने ते मका वाचवण्यासाठी स्वीकारलं, गव्हाणीत प्रथिनं आली ती त्याबरोबरच. ब्रॅकिएरियाचा प्रवासही वाचण्यासारखा आहे. मूळचं आफ्रिकेचं हे गवत लॅटिन अमेरिकेत गेलं, कोलंबियात त्याचे संकर झाले, आणि सुधारित वाण पुन्हा आफ्रिकेत आले.

मिथेन थेट दाबणाऱ्या पूरकांबद्दल थोडक्यात सांगतो. 3-एनओपी (बाजारातलं नाव बोव्हेअर) हे पूरक मिथेन तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यातलं विकर (एन्झाइम) अडवतं. दुभत्या गाईंत साधारण 30 टक्के घट मिळते. ब्राझील आणि चिलीने 2021 मध्ये, युरोपीय संघाने 2022 मध्ये आणि अमेरिकेने 2024 मध्ये त्याला मोकळीक दिली. पण ते कोटीपोटात फार काळ टिकत नाही, प्रत्येक घासाबरोबर जावं लागतं, आणि तंतू जास्त असलेल्या आहारात त्याचा परिणाम उतरतो. दिवसभर रानात चरणाऱ्या, काडावर जगणाऱ्या जनावरासाठी आज ते बसत नाही. ॲस्परागॉप्सिस या लाल शेवाळाने काही प्रयोगांत 80 टक्क्यांपर्यंत घट दाखवली. त्यातला ब्रोमोफॉर्म हा घटक काम करतो, आणि सुरक्षिततेचे प्रश्नही त्यामुळेच आहेत. बंगळूरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' तयार केलं, त्यात 17 ते 20 टक्के घट सांगितली आहे. ते आपल्या खाद्यपद्धतीच्या जवळचं आहे. तेल असलेली सरकी किंवा पेंड हाही मार्ग आहे. आहारात स्निग्धांश 1 टक्क्याने वाढला की मिथेन साधारण 4 ते 5 टक्के घटतो, पण एकूण स्निग्धांश 6 टक्क्यांपुढे गेला की तंतूंचं पचन बिघडतं. उपाशी जनावराला मात्र कुठलंही पूरक देऊ नका, आधी पोट भरा. शिवाय पूरकाने नुसता मिथेन घटला आणि दूध वाढलं नाही, तर त्याचा खर्च पशुपालकाने का सोसायचा? तो खर्च ज्यांना मिथेन कमी हवा आहे त्यांनी उचलावा. दोन जनावरं असलेल्या घरावर तो टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आता मघाच्या हिशेबात कमी व्हायला हव्या होत्या त्या 20 गाईंकडे. खाणं सुधारून नफा वाढला आणि माणसाने आणखी दोन गाई आणल्या, तर लिटरमागचा आकडा खाली जातो आणि एकूण मिथेन वर. हा धोका खरा आहे, आणि फक्त लिटरमागचे आकडे दाखवणारे अहवाल तो झाकतात. दुधाची मागणी वाढत असलेल्या देशांत एकूण उत्सर्जन लगेच खाली येईल असं मी सांगणार नाही. खाणं सुधारलं नाही तर तेच दूध कितीतरी जास्त जनावरांतून येईल, एवढं मात्र नक्की. म्हणून खाद्याबरोबर भाकड काळ कमी करणं, कालवड वेळेवर गाभण राहणं, वासरांची मरतुक थांबवणं हे धरूनच चालावं लागतं. एक वासरू मेलं की त्याला वाढवताना झालेला मिथेन वाया जातो आणि त्याच्या जागी आणखी एक गर्भारपण लागतं. जिथे जनावर हीच घरची बँक आहे तिथे कळप लहान करा असं नुसतं सांगून चालत नाही. विमा, बचत, पत यांची दुसरी सोय झाली तरच लोक जनावरं कमी ठेवतात.

तुम्ही उद्यापासून सुरू करणार असाल तर माझा क्रम असा राहील. पहिला आठवडा काही बदलू नका. सकाळी घातलेली वैरण आणि संध्याकाळी दावणीत उरलेली वैरण तोला, दूध मोजा, छातीचा घेर घ्या, शेण धुऊन पाहा. मग पाणी आणि खनिज मिश्रण. मग नत्र, द्विदल असेल तर तो, नसेल तर चाटण वीट. त्यानंतर उपलब्ध पेंडीची वाटणी, आधी नुकती व्यालेली आणि शेवटच्या तीन महिन्यांतली गाभण, मग वाढती कालवड. कोणताही बदल दहा-बारा दिवसांत हळूहळू करा. आणि वेताच्या, माजाच्या, भरवल्याच्या तारखा एका वहीत ठेवा. दोन वेतांतलं अंतर कमी होतं आहे का, हे त्या वहीतून कळतं, आणि मिथेन मोजण्याचं यंत्र नसलेल्या गोठ्यासाठी तोच सगळ्यात भरवशाचा आकडा आहे.